सोलर पॅनेलवर थेट चालणाऱ्या गीझरचा थर्मोस्टॅट वारंवार का चिकटतो?

थंडी सुरू झाली की ही तक्रार हमखास कानावर येते. छतावरची पॅनेल इन्व्हर्टरशिवाय सरळ गीझरच्या कॉइलला जोडली, काही आठवडे झकास चाललं, मग एका दुपारी टाकीतलं पाणी उकळायला लागलं आणि व्हॉल्व्हमधून वाफ यायला लागली. वायरमनने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की कॉइल बंद करणारा भाग, बदलून दिला. पुन्हा काही आठवडे ठीक, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, ‘माल हलका निघाला, चांगल्या कंपनीचा घ्या.’ चांगल्या कंपनीचाही जातो.

दोष थर्मोस्टॅटचा नाही. तो एसी, म्हणजे घरच्या लाइनचा दिशा बदलत राहणारा करंट, तोडण्यासाठी बनवलेला आहे आणि आपण त्याला भर उन्हातला डीसी, म्हणजे पॅनेलचा एकाच दिशेने वाहणारा करंट, तोडायला लावतो. हे जोवर बदलत नाही, तोवर कितीही थर्मोस्टॅट आणा.

सध्या ज्यांच्या टाकीतून वाफ येते आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी पॅनेलचा डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची लाइन तोडणारा स्विच, बंद करावा. आयसोलेटरच नसेल तर पॅनेलवर जाड ताडपत्री किंवा गोधडी टाका आणि वायरींना हात लावायला सूर्य मावळण्याची वाट बघा. चालू करंटमध्ये एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग, ओढून काढू नका. तिथे उठलेली ठिणगी लांबत जाते, विझत नाही, आणि हात भाजतो. टाकीच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारून ठेवलेली गीझरंही मी बघितली आहेत. असं अजिबात करू नका. थर्मोस्टॅट चिकटल्यावर टाकी फुटण्यापासून वाचवणारी ती शेवटची गोष्ट असते.

नेमकं काय होतं

आपल्या घरातला एसी ५० हर्ट्झचा. म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. थर्मोस्टॅटचे दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून सुटतात तेव्हा मध्ये ठिणगी उठतेच, पण पुढच्या शून्याला, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, ती आपोआप विझते. त्यामुळे दोन बिंदूंमधली फट एक मिलिमीटरपेक्षा कमी असली तरी भागतं.

पॅनेलचा डीसी शून्यावर येतच नाही. १५० व्होल्टला सहा-सात अँपिअर चालू असताना तेवढीशी फट पडली तर ठिणगी त्या फटीतच जळत राहते. बिंदूंवरची चांदी वितळते. कधी बिंदू जळून काळे पडतात आणि करंट जायचाच थांबतो, तेव्हा पाणी गार मिळतं आणि माणूस फक्त वैतागतो. पण बऱ्याचदा वितळलेली चांदी दोन्ही बाजूंना चिकटून गार होते, बिंदू जोडले जातात, आणि थर्मोस्टॅट कायमचा ‘चालू’ होतो.

गेलेला थर्मोस्टॅट फेकण्याआधी त्याचं बॅकेलाइटचं झाकण उघडून बघा. एका बिंदूवर खड्डा आणि समोरच्यावर छोटा उंचवटा दिसेल, एका बाजूचा धातू दुसरीकडे गेलेला. आजूबाजूला काळी काजळी आणि जळक्या बॅकेलाइटचा तो उग्र वास. एसीवर म्हातारा होऊन गेलेल्या थर्मोस्टॅटमध्ये दोन्ही बिंदू साधारण सारखेच झिजलेले असतात. एकतर्फी खड्डा दिसला की समजा, डीसीने मारला.

छापील रेटिंगवरूनही हे कळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा निळा छोटा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, बघा. त्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं आणि त्याच्याच शेजारी १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. बिंदू तेच, फट तीच, करंट तोच. फक्त डीसी म्हटल्यावर व्होल्टेज अडीचशेवरून तिसावर आलं. गीझरच्या थर्मोस्टॅटवर तर डीसीचा आकडाच नसतो.

आणि धोका इथेच संपत नाही. थर्मोस्टॅटच्या मागे पाणी फार तापलं की लाइन तोडणारा जो कटआऊट असतो, तोही एसीचाच. थर्मोस्टॅट चिकटल्यावर तापमान वाढत जातं, कटआऊट उघडायला जातो, आणि त्याच्याही बिंदूंचं तेच होतं. मग राहतो फक्त मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह आणि त्यातलं वितळणारं बूच. म्हणून म्हटलं, ते बंद करू नका.

चिकटला आहे की नाही, हे बघण्यासाठी भर उन्हात पाणी गरम झालेलं असताना थर्मोस्टॅटची चकती सगळ्यात कमीवर फिरवा आणि वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर, लावा. करंट तसाच वाहत असेल तर बिंदू जोडले गेलेत. मात्र क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी करंट मोजतात, पॅनेलच्या वायरवर शून्य दाखवतात, आणि ‘करंट बंद आहे’ असं समजून लोक हात घालतात.

काही घरी लवकर, काही घरी उशिरा

एकाच पद्धतीने जोडलेल्या दोन घरांपैकी एका घरी थर्मोस्टॅट दोन महिन्यांत जातो आणि दुसऱ्या घरी दोन वर्षं टिकतो. याचं कारण बहुतेक वेळा टाकीच्या आकारात सापडतं.

हिशोब करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात, आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. २५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला एक युनिटच्या जरा वर लागतं. छतावर ३३५ वॅटची चार पॅनेल असतील तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांच्यात पाच युनिटांच्या आसपास ताकद असते. म्हणजे अकराच्या सुमाराला टाकी तापून तयार. तिथून चार वाजेपर्यंत थर्मोस्टॅट उघडतो, पाणी दोन-चार अंश उतरलं की लागतो, परत उघडतो, आणि हे सगळं नेमकं करंट सगळ्यात जास्त असताना. प्रत्येक उघडणं म्हणजे एक ठिणगी.

तीच चार पॅनेल १५० लिटरच्या टाकीला लावा. पाच युनिटांत ते पाणी साधारण २८ अंशांनी वर चढतं, म्हणजे २२ वरून ५० पर्यंत. ६० वर लावलेला थर्मोस्टॅट दिवसभर उघडतच नाही. तो टिकतो, कारण त्याला काम पडत नाही. पण चार दिवस गावाला गेलात, पाणी कोणी वापरलं नाही, तर त्यालाही उघडावं लागणार आणि तोही चिकटणार, तेव्हा घरात कोणी नसेल. मोठी टाकी घ्याच, कारण त्याशिवाय तुमचं चार पंचमांश ऊन वाया जातं. पण मोठ्या टाकीने धोका जातो असं मानू नका.

बोअरच्या क्षारी पाण्याने काचेच्या नळ्यांचा सोलर बंब भरून गेला म्हणून पॅनेलकडे वळलेले पुष्कळजण आहेत, आणि ते वळणं मला पटतं. नळ्यांपेक्षा वायर सांभाळायला सोपी. पण २५ लिटरचा जुना गीझर होता म्हणून तोच जोडला, हे या सगळ्यातलं सगळ्यात महाग पडणारं पाऊल आहे.

कायमचा उपाय

थर्मोस्टॅटमधून मुख्य करंट जाऊच द्यायचा नाही. त्याने फक्त खूण करायची, तोडण्याचं काम डीसीसाठी बनवलेल्या वस्तूने करायचं.

जोडणी अशी: १२ व्होल्टची छोटी बॅटरी, ती भरायला दहा-वीस वॅटचं छोटं पॅनेल आणि साधा चार्ज कंट्रोलर. बॅटरीचा प्लस थर्मोस्टॅटमधून सॉलिड स्टेट रिलेच्या, म्हणजे एसएसआरच्या इनपुटला. त्या इनपुटला काही मिलिअँपिअर पुरतात, तेवढ्याने ठिणगी पडत नाही. एसएसआरच्या आउटपुटमधून पॅनेलचा मुख्य करंट कॉइलला. बॅटरीऐवजी महावितरणच्या लाइनवरचा १२ व्होल्टचा अडॅप्टरही चालतो. लाइट गेली की एसएसआर सुटेल आणि तापणं थांबेल, हे सुरक्षितच आहे. पण भारनियमनासाठीच हा खटाटोप केला असेल तर बॅटरी बरी. थर्मोस्टॅट मात्र नवा घ्या. जुन्याच्या काजळलेल्या बिंदूंमधून बारीक करंट नीट जात नाही.

एसएसआर घेताना एका गोष्टीवर अडून बसा: आउटपुट डीसी असलेलाच हवा. काउंटरवर सहज जो मिळतो तो एसी आउटपुटचा असतो. त्यात ट्रायॅक किंवा थायरिस्टर असतो, आणि तो एकदा लागला की करंट शून्यावर येईपर्यंत सुटत नाही. डीसीत शून्य येत नाही, म्हणजे तो सकाळी लागला की संध्याकाळीच सुटणार. म्हणजे चिकटलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी तुम्ही पैसे देऊन दुसरं चिकटणारं बसवलंत. मॉस्फेट किंवा आयजीबीटीचा, ‘डीसी टू डीसी’ लिहिलेला घ्या. त्याचं व्होल्टेज रेटिंग पॅनेलच्या एकूण ओपन सर्किट व्होल्टेजच्या, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाच्या व्होल्टेजच्या, किमान दीडपट असावं. ३३५ वॅटच्या चार पॅनेलांचं ते १८४ व्होल्टच्या आसपास येतं आणि थंडीच्या पहाटे अजून थोडं वर जातं. नऊ अँपिअरसाठी चाळीस अँपिअरचा घ्या, आणि हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, पेस्ट लावून घट्ट बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक वेळा उघडा न पडता शॉर्ट होतो, म्हणजे चालूच राहतो. म्हणून कटआऊटची फळी पूर्ण वेगळी ठेवायची. मुख्य लाइनमध्ये एसएसआरच्या मागे एक डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने चालणारा मोठा स्विच, आणि त्याच्या चुंबकाची कॉइल १२ व्होल्टवर, कटआऊटच्या बिंदूंमधून. कटआऊट उघडला की कॉन्टॅक्टर पडतो, मग एसएसआर काहीही करो. हा खर्च टाळावासा वाटेल. टाळू नका. घरातली लहान मुलं त्याच टाकीच्या नळाखाली उभी राहतात.

डीसी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि कॉन्टॅक्टर, दोन्हींवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्या पाळाव्या लागतात. आतलं चुंबक ठिणगीला एका विशिष्ट दिशेला ढकलून विझवतं. उलटी जोडणी केली की ठिणगी चुकीच्या बाजूला जाते आणि वस्तू आतून जळते. साधा पियानो स्विच किंवा एसी एमसीबी या लाइनवर नकोच.

‘थर्मोस्टॅट ठीक आहे, पण पाणी कोमटच’

ही दुसरी तक्रार, पहिलीची सख्खी बहीण. ‘एक किलोवॅटची पॅनेल आहेत, दोन किलोवॅटचा गीझर आहे, मग निम्म्या ताकदीने तरी तापायला हवं ना?’ असं वाटणं साहजिक आहे, पण कॉइल आणि पॅनेल यांचं जमतं ते ओहमवर, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या मापावर, वॅटवर नाही.

कॉइलचा ओहम काढायला व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्ट, २००० वॅटची कॉइल म्हणजे २६.४५ ओहम. तीन किलोवॅटची १७.६. पॅनेलला हवा असलेला ओहम म्हणजे लेबलवरचं व्हीएमपी भागिले आयएमपी, म्हणजे पॅनेल पूर्ण ताकद देतं तेव्हाचं व्होल्टेज भागिले तेव्हाचा करंट. ५४० वॅटची दोन पॅनेल एकापुढे एक जोडली की व्हीएमपी सुमारे ८३ आणि आयएमपी १३ च्या आसपास, म्हणजे लागतात ६.४ ओहम. त्यावर २६ ओहमची कॉइल लावली की करंट पावणेचार अँपिअरपुढे जातच नाही, आणि १०८० वॅटच्या पॅनेलमधून जेमतेम साडेतीनशे वॅट मिळतात. पॅनेल खराब नाही, वायर खराब नाही, जोडी चुकली आहे.

३३५ वॅटची चार पॅनेल एकापुढे एक असली, म्हणजे १५१ व्होल्ट आणि ८.८७ अँपिअर, की लागतात १७ ओहम. तिथे दोन किलोवॅटची कॉइल भर उन्हात १३४० पैकी सुमारे ११०० वॅट घेते, आणि तीन किलोवॅटची जवळजवळ सगळे. पॅनेल दीड किलोवॅटचीही नसताना तीन किलोवॅटची कॉइल का, हे ग्राहकाला पटवताना वेळ जातो, पण गणित सरळ आहे.

ढग आले की मात्र चित्र पालटतं. ऊन निम्मं झालं की करंट निम्मा होतो. कॉइलचा ओहम तोच राहतो, म्हणून व्होल्टेजही खाली येतं आणि वॅट एक चतुर्थांशाकडे घसरतात. पाव उन्हात या चार पॅनेलमधून तीनशेच्या वर वॅट मिळू शकतात, पण २६ ओहमची कॉइल १४० च घेते, आणि १७ ओहमची फक्त ९०. म्हणजे दुपारी जी कॉइल उत्तम, तीच सकाळी आणि ढगाळ दिवशी वाईट. मी लेबलवरून येणाऱ्या ओहमच्या सव्वापट ओहमची कॉइल सुचवतो, म्हणजे दुपारी थोडं सोडून सकाळ-संध्याकाळचं थोडं हाती लागतं.

याहून नीट उपाय म्हणजे एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून दर वेळी जास्तीत जास्त वीज काढणारा, वॉटर हीटर कंट्रोलर. तो पॅनेलची वीज कपॅसिटरमध्ये साठवतो आणि झटक्याझटक्याने कॉइलला देतो, झटके असे मोजून की पॅनेलचं व्होल्टेज व्हीएमपीच्या आसपास टिकून राहावं. मग पाव उन्हातही पूर्ण ताकदीच्या पाव हिस्सा ताकद मिळते. काही कंट्रोलर आउटपुटची दिशा सतत उलटसुलट करून चौकोनी एसी देतात, आणि त्यावर गीझरचा मूळ थर्मोस्टॅट चालू शकतो. घेताना हे स्पष्ट विचारा, कारण दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात.

ओहम जुळत असूनही पाणी कोमट असेल तर वायर बघा. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, छत ते न्हाणीघर २० मीटर, जाऊन-येऊन ४०. त्यात एका ५४० वॅटच्या पॅनेलचे १३ अँपिअर गेले की अडीच व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात, म्हणजे ४१ पैकी सहा टक्के. १५१ व्होल्टच्या जोडणीत तेच नुकसान सव्वा टक्का. आणि एप्रिलमध्ये ‘थंडीत जास्त तापत होतं’ असं वाटलं तर त्यात तथ्य आहे: लेबलचे आकडे २५ अंशांच्या पॅनेलचे असतात, ६० अंशांपुढे तापलेल्या काचेखाली व्होल्टेज दहा-पंधरा टक्के उतरतं.

कॉइल झटका देत असेल

पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर कॉइलचं आतलं इन्सुलेशन गेलेलं आहे. इथे घरातल्या आरसीसीबीवर, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचवर, विसंबू नका. तो पॅनेलच्या वेगळ्या डीसी लाइनवर नसतोच, आणि तिथे लावला तरी घरगुती एसी प्रकारचा आरसीसीबी डीसीची गळती ओळखत नाही. दोन्ही वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) कॉइल आणि टाकीची बॉडी यांच्यात बघा. एक मेगओहमच्या खाली असेल तर कॉइल बदला. डीसीची गळती धातूला एकाच दिशेने खात जाते, त्यामुळे क्षारी पाण्यात अशी कॉइल लवकर भोकं पाडून घेते. टाकीतला, टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी तपासा आणि टाकीच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग द्या.

खोली किंवा पिलांची शेड तापवायची असेल

पंख्याचा हीटर पॅनेलला थेट लावू नका. त्याची कॉइल डीसीवर तापते, पण पंख्याची एसी मोटर फिरत नाही. हवा नाही आणि कॉइल लाल, म्हणजे आग.

पोल्ट्रीवाले ब्रूडिंगसाठी, म्हणजे लहान पिलांना ऊब देण्यासाठी, विचारतात. पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंश लागतात आणि थंडी पडते रात्री, पॅनेल झोपलेली असताना. पिलामागे दोन वॅटचा रूढ ठोकताळा धरला तर ५०० पिलांना एक किलोवॅट, बारा तासांच्या रात्रीचे बारा युनिट. चार पॅनेलांचे पाच युनिट तिथे पुरत नाहीत. दिवसा २०० लिटर पाणी ७० अंशांपर्यंत नेऊन रात्री ते पाइपांतून फिरवलं आणि ३५ वर उतरू दिलं, तर आठ युनिटांची उष्णता मिळते. तेवढं भरायला पॅनेलही त्याच मापाची हवीत. शेडच्या पडद्यांच्या फटी बुजवणं आधी करा, त्याला पॅनेल लागत नाही.

ज्यांच्या छतावर पीएम सूर्यघर किंवा दुसऱ्या योजनेतून ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर आणि नेट मीटर आहे, त्यांनी हे काहीच करू नये. त्या पॅनेलच्या डीसी वायरीला फाटा काढून गीझर जोडला की इन्व्हर्टर फॉल्ट दाखवतो आणि त्याची वॉरंटी धोक्यात येते. तुमच्याकडे आधीच एसी आहे. गीझरच्या पॉइंटवर १६ अँपिअरचा टायमर बसवा, अकरा ते दोनची वेळ लावा, आणि थर्मोस्टॅटला त्याचं मूळचं काम करू द्या.